तोंड मिटून रड

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा अक्का ओसरीवर बसून दातांना मिश्री लावत होती. तिनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. आमच्या ह्यांच्याकडं मात्र शिंप्यानं बघावं तसं खालपासून वरपर्यंत सावकाश बघितलं आणि म्हणाली, "मान लांब हाय. बसवल्यावर लय देखने दिसतील."

हे गंगाखेड स्टेशनात मालबाबू म्हणून नुकतेच लागले होते. खुर्ची नवी होती, कौतुक कुणी केलेलं नव्हतं. ते खूष झाले आणि खोली तिथल्या तिथं ठरली. आपल्या घरमालकिणीचा उद्योग मेलेल्या माणसांना नटवण्याचा आहे, आणि तिनं ह्यांना त्याच नजरेनं जोखलं होतं, हे आम्हाला बिऱ्हाड मांडून झाल्यावर कळलं. त्या दिवसापासून हे तिच्यासमोरून जाताना मान आखडून घेऊ लागले.

अक्का लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंग कडक व्हायच्या आत त्याला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवायचं, पाठीमागच्या खुंटीला फडक्यानं बांधायचं, आंघोळ घालून कपाळभर विभूती लावायची, चांगले कपडे घालायचे. मग केळीच्या खांबांनी आणि फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून, टाळ वाजवत, गावातून मिरवत न्यायचं आणि बसलेलंच पुरायचं. म्हणजे शेवटच्या दिवशी माणूस सगळ्या गावाच्या नजरेसमोर उभ्या तोंडानं जाणार. तेव्हा ते तोंड बरं दिसायला नको का? हा अक्काचा सवाल. त्यासाठी तिच्याकडं पत्र्याची एक पेटी होती. तीत फणी, काजळाची डबी, चंदनाचं खोड, कापूस, हनुवटी बांधायच्या पट्ट्या आणि पितळी चौकटीचा हातातला आरसा.

इतर जातींतली माणसंही तिला बोलवत. विशेषतः घरातली सवाष्ण गेली की. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळावरून थेट भांगात भरलेला कुंकवाचा मळवट, हे सगळं अक्कानं करावं. पिंगळीहून निरोप आला तर ती रेल्वेनं जायची. गाडीत गर्दी असली की शेजारच्या बाईला पेटी उघडून दाखवायची आणि कशाची ते सांगायची. पिंगळी येईपर्यंत तिला बाकावर आडवं व्हायला जागा मिळे.

आमच्यात सुतकाचा केवढा बाऊ! तिच्या लोकांत सुतक मानतच नाहीत. मी सुरुवातीला ती कामावरून आली की तिच्या वाटेवर पाणी शिंपडायची. ती म्हणायची, "शिंपड पोरी, धूळ तरी बसंल." माझ्या सासूबाई परभणीहून मुक्कामाला आल्या, तर अक्कानं पहिल्याच सकाळी त्यांना सांगितलं, "आत्याबाई, हनुवटी जरा वर करा बरं." सासूबाई दुपारच्या गाडीनं परत गेल्या. त्या दिवसापासून मी पाणी शिंपडणं सोडलं.

मेलेल्यांशी ती बोलायची. हळू नव्हे, खणखणीत. एक म्हातारी जन्मभर खाली मान घालून वावरलेली. तिला बसवलं तरी मान पुढंच पडायची. अक्का पट्टी आवळत म्हणाली, "सरळ बस गं. सासू मेली, सासरा मेला, आता कुनाला भ्यायलीस?" एका पाटलाच्या मिशा तिनं पीळ देऊन वर वळवल्या. लेक म्हणाला, दादांच्या मिशा खाली असायच्या. अक्का म्हणाली, "तुज्या आईसमोर व्हत्या खाली. आता काय भ्याव हाय?" पाटलीणबाई रडता रडता हसल्या आणि पदरात तोंड लपवून बसल्या. पाटील वर वळलेल्या मिशांनी गेले. गावानं नंतर बरेच दिवस त्याच मिशांची आठवण काढली.

पण अक्काचं खरं शस्त्र म्हणजे आरसा. मेलेल्याचा साज झाला की ती आरसा त्याच्या तोंडासमोर धरायची. "बगा, बरं दिसायलंय का?" असं विचारून थोडं थांबायची. उत्तर आल्यासारखी मान हलवायची. मग तोच आरसा घरच्यांकडं वळायचा. "आता तुमी बगा. ह्ये तोंड घिऊन निरोप द्यायलात व्हय?" मग ती मुलांची धोतरं नीट करायला लावी, सुनांची डोकी विंचरी, ज्यांनी सकाळपासून चूळ भरली नाही त्यांना मोरीकडं पिटाळी. आणि जी बाई आ वासून हंबरडा फोडत असेल तिच्या हनुवटीखाली बोट लावून म्हणायची, "तोंड मिटून रड. तोंड उगडं टाकून रडलं की आवाज जातो बाहेर आन् दुक्क ऱ्हातंय आत." मला तेव्हा हे शुद्ध दुष्टपणाचं वाटायचं. तिला फक्त दात बघायचे नसत, असा माझा समज होता.

निजामाचं राज्य होतं. एकदा किराणा मालाचे एक मोठे व्यापारी वारले. गुलाबी फेटा, जरीचं उपरणं, डोळ्यांत काजळ. अक्कानं त्यांना असं बसवलं होतं की ते विमानात नव्हे, मेण्यात बसून सोयरिकीला निघाल्यासारखे वाटत होते. नाक्यावर कुठूनसा बदलून आलेला नवा जमादार उभा होता. एवढा थाट बघून त्यानं बूट जुळवून सलाम ठोकला. विमान पुढं निघालं. जमादाराचा पारा चढला. "ऐ, रुको! सलाम का जवाब नै देते? नीचे उतारो उनको!" टाळ थांबले. मिरवणूक अडवली तर पुढं काय होईल सांगता येत नव्हतं, सगळ्यांची तोंडं उतरली. अक्का पुढं झाली. "साब, गुस्सा नको करो. कल से किसीका बी सलाम नै लेरे वो." जमादारानं नीट निरखून बघितलं. मग टोपी काढून काखेत मारली आणि गावकुसापर्यंत मुकाट्यानं मिरवणुकीबरोबर चालला. पुढं त्याची आई वारली तेव्हा तो अक्काला सांगायला आमच्या ओसरीवर आला होता. तो मुसलमान, त्यांच्यातल्या बायका त्यांच्या रीतीनं सगळं करणार होत्या. त्याला नुसतं सांगायचं होतं.

आता सरूचं सांगते. सरू आमच्या गल्लीतली, माझ्याच वयाची. तिचा नवरा साप चावून गेला. अशा वेळी बायका नव्या विधवेचे हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडायच्या. काचा मनगटात घुसायच्या, आणि ते बघायला गर्दी व्हायची. अक्का आली, तिनं गर्दी बाहेर काढली, रिठ्याचं पाणी मागवलं आणि सरूच्या बांगड्या एक एक करून फेस लावून उतरवल्या. "फोडायच्या कशाला? निगत्यात की." हिरव्या बांगड्या, त्यावर पिवळे ठिपके. माझ्याही मनात भरल्या होत्या त्या बाजारात, पण मी नव्हत्या घेतल्या. अक्कानं त्या पदरात बांधल्या आणि नेल्या.

कुठं नेल्या ते मला एकदा भाजीबरोबर तोंडी लावायला काही नव्हतं तेव्हा कळलं. अक्काच्या कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या होत्या. मी तिला न विचारता एकीत हात घातला. हाताला फोडी लागल्या नाहीत, काच लागली. बरणी गळ्यापर्यंत बांगड्यांनी भरलेली, सरूसारख्या कितीजणींच्या. हिरव्या, लाल, मोठ्या, लहान. एक तर इतकी लहान की माझी तीन बोटं जेमतेम जात होती.

"ती माजी," अक्का मागून म्हणाली.

तिचं लग्न पाळण्यातून नुकतंच उतरलेल्या वयात झालं होतं आणि नवरा पुढच्याच साथीत गेला होता. तो काळा होता की गोरा, तिला माहीत नव्हतं. त्याचं दुःख तिनं कधी केलं नाही. जो माणूस बघितलाच नाही त्याचं काय रडायचं, म्हणायची. तिची खंत वेगळी होती. "लग्नात मलाबी मळवट भरला आसंल. हिरवा चुडा भरला आसंल. पन मी बगितलं कुटं? लेकराला कोन आरसा दावतंय?"

हातातली लहान बांगडी तिनं परत बरणीत टाकली. "हळदीकुकवाला मला कुनी बोलवीत न्हाई. विधवा ना मी. पन तीच बाई मेली की पयला निरोप मला. कुकवाला बोट लावायचं तर मला मेलेली बाई लागती बग. ह्या हातानं गावातल्या निम्म्या बायकांचा मळवट भरलाय. माजं कपाळ कसं दिसंल ते मला ठाव न्हाई."

तिनं हे महालिंगालाही सांगितलं होतं. महालिंग म्हणजे तिच्या नवऱ्याचा पुतण्या. चौकात किराणा दुकान, भिंतीला भिंत लागून घर, आणि घराण्याच्या अब्रूचा सगळा भार एकट्याच्या खांद्यावर असल्यासारखी चाल. ती त्याला म्हणाली, मी मेल्यावर मला मळवट भरून न्या. तो म्हणाला, "विधवा बाईला? सोमवारी देवळात मी तोंड कसं दावू? त्ये न्हाई व्हायचं, अक्का."

"न्हाई तर न्हाई," ती मला म्हणाली. "मेल्यावर भरला तरी मला दिसनार हाय का? मला जित्तेपनी बगायचंय. येकदाच. तू भर."

मी नाही म्हटलं. मी सवाष्ण होते, लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. विधवेच्या कपाळी कुंकू लावलं आणि ह्यांना काही झालं तर? अक्का रागावली नाही. पण पुढं रोज दुपारी ती आरसा पुसत ओसरीवर बसायची. एखाद्या बाईला एवढी साधी गोष्ट मागावी लागते, आणि तीसुद्धा आपल्याच बिऱ्हाडकरणीकडं, याचा मला राग येऊ लागला. तिचा नाही, सगळ्यांचा. एका चैत्रातल्या दुपारी गल्ली झोपली होती. मी माझं हिरवं लुगडं आणि कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या खोलीत गेले.

दार लावलं. ती भिंतीला टेकून मांडी घालून बसली, नेमकी तिथं, जिथं खुंटी होती. सवयच. मी लुगडं नेसवलं, केस विंचरले, बरणी पालथी करून दोन्ही हात भरून बांगड्या चढवल्या. ती अखंड सूचना देत होती. "दाबून न्हाई, फिरवून घाल. मेलेली बरी पोरी, हालत न्हाईत." मळवट भरायला घेतला तेव्हा मात्र तिनं आपणहून हनुवटी वर केली. मग मी आरसा तिच्यासमोर धरला आणि तिचंच वाक्य तिला विचारलं, "बगा, बरं दिसायलंय का?"

ती बघत राहिली. कितीतरी वेळ. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बरी हाय की गं ही बाई. हिला कुनी सांगितलं कसं न्हाई?"

मी परसदाराची कडी लावायला विसरले होते. महालिंगाची बायको काशीबाई ताकाचा तांब्या घेऊन त्या दारानं आत आली. चाहूल लागताच अक्कानं गपकन डोळे मिटले. मांजर दूध पिताना मिटतं तसे. आता काशीबाईला काय दिसलं? भिंतीला टेकवून बसवलेली, नवं लुगडं नेसवलेली, मळवट भरलेली म्हातारी, समोर उघडी पेटी, आणि आरसा हातात धरून रडवेली झालेली मी. असं बसलेलं माणूस तिनं जन्मात एकाच प्रसंगी बघितलं होतं. ताकाचा तांब्या खाली पडला. "अगं माय! अक्का गेली!"

गल्ली लोटली. मी अक्काकडं बघत होते. डोळे उघडले तर मळवट भरलेली जिवंत विधवा. गाव तिला पुन्हा उंबऱ्यात घेणार नव्हतं. नाही उघडले तर संध्याकाळपर्यंत पुरतील. मला काही सुचेना. मी रडायला लागले आणि ते रडणं अगदी खरं होतं. बायका मला थोपटू लागल्या, "लय जीव व्हता बिचारीचा हिच्यावर."

आणि मग सगळ्यांनी तिच्याकडं नीट बघितलं. "किती ग्वाड दिसायलीय." "नाक बगा. कंदी ध्यानातच आलं न्हाई." "कुकू कसं शोभायलंय!" कुणी विटाळाचं नाव काढलं नाही, कुणी विधवा म्हणालं नाही. मेलेल्या बाईकडं सगळी कशी मोठ्या मनानं बघत होती!

महालिंग दुकानातून धावत आला, हाताला साखर तशीच. मळवट बघून क्षणभर थबकला. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "आसू द्या. हौस व्हती तिची. मी न्हाई म्हनलो व्हतो." त्यानं साखरेचा हात धोतराला पुसला. "लक्ष्मी दिसायलीय माजी अक्का. ऱ्हाऊ द्या तसंच."

अक्कानं डोळे उघडले. "मग ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.

पुढची पळापळ काय सांगू! दारात एकावर एक पडून बायका बाहेर गेल्या. महालिंग मागं सरकत पाण्याच्या घंगाळात बसला. भूत नाही हे कळल्यावर त्याला वाचा फुटली, आणि ती फुटली ती थांबेना. लाज, अब्रू, वाडवडील, देऊळ. अक्का शांतपणे म्हणाली, "आत्ता तर लक्ष्मी म्हनलास. मी तेवडीच हाय रे. नुसते डोळे उगडलेत." चिंब धोतरानं तो तरातरा निघून गेला.

सगळे गेले, सरू तेवढी दाराशी राहिली. ती अक्काच्या मनगटाकडं बघत होती. हिरव्या बांगडीवर पिवळे ठिपके. "अक्का, ही माजी न्हवं?" "तुजीच. जपून ठिवली." सरूनं त्या बांगडीवरून बोट फिरवलं आणि तोंड मिटून रडली. दिवेलागणीला अक्कानं स्वतःच्या हातानं कपाळ पुसलं. "बगून झालं," म्हणाली. मला ते पुसताना बघवलं नाही.

गावानं तिच्यावर बहिष्कार टाकला. तो टिकला पुढची सवाष्ण मरेपर्यंत. ती घरात तशीच पडून, कुणी हात लावेना, अंग कडक व्हायला आलं, तेव्हा मुकाट्यानं बोलावणं आलं. अक्का पेटी उचलत म्हणाली, "जित्ते माज्या इरुद्ध गेले तर जाऊ देत. मेलेले माज्या बाजूनं हायेत." महालिंग मात्र तिच्याशी बोलेना. भिंतीला भिंत असून पुढची सगळी वर्षं तो काशीबाईच्या हाती ताक पाठवायचा, पण ओसरी चढायचा नाही.

निजामाचं राज्य जाण्याच्या थोडं आधी ती गेली. खरीच गेली, सकाळी, झोपेत. मीच बघितलं. मी आणि सरूनं तिला खुंटीजवळ बसवलं आणि महालिंगाला निरोप दिला. तो आला, ओसरी चढला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि नुसता बघत राहिला. विधी करायला मठातले स्वामी आले, विमानाचे बांबू आले, तरी हा कुणाला हात लावू देईना. गावही अंगणात थांबून राहिलं. फसायची कुणाचीच तयारी नव्हती. बऱ्याच वेळानं महालिंग वाकून हळू म्हणाला, "अक्का, पुरं आता. ऊट. मी कायबी म्हननार न्हाई."

अक्का उठली नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मागल्या खेपंला लावलं व्हतं तसं लावा," तो म्हणाला. "सगळं."

मी हिरवं लुगडं नेसवलं. सरूनं बरणी खाली घेतली. अंगणातल्या विधवा एक एक करून आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. ज्या बोटांना कुणी हळदीकुंकवाच्या तबकाला शिवू देत नव्हतं त्या बोटांनी बरणीतून आपापली बांगडी शोधली आणि अक्काच्या हातात चढवली. दाबून नाही, फिरवून. ती इवलीशी कुठंच चढेना, ती मी तिच्या मुठीत ठेवली. मळवट महालिंगानं भरला. थोडा वाकडा झाला. कुणी सरळ केला नाही.

मग मी आरसा घेतला आणि तिच्यासमोर धरला. विचारायचं ते वाक्य माझ्या तोंडून फुटेना. स्वामी म्हणाले, चला, उशीर होतोय. महालिंग म्हणाला, "थांबा. बगू द्या तिला."

तिचं बघून झालं असेल असं वाटल्यावर मी तिच्या रीतीप्रमाणं आरसा घरच्यांकडं वळवला. महालिंगानं बघितलं, तोंड पुसलं. काशीबाईनं, सरूनं बघितलं. शेवटी मी बघितलं. केस सुटलेले, नाक वाहतंय, आणि मी अक्षरशः आ वासून रडत होते. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. हनुवटीखाली बोट लावायला कुणी नव्हतं, मी आपणच तोंड मिटलं. तेव्हा मला कळलं की अक्का कायमची गेली.